साळूआत्याचं पान

१

मी घाबरट आहे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. माझी रूममेट सोनिया हे ओळखून होती, त्यामुळे शिट्टी व्हायच्या आधी ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून ओरडायची, "राजनंदिनी, होतेय हं!" आणि मग मी कानावर हात ठेवायचे. तेव्हा पुढचं वाचताना निम्मं तुम्ही माझ्या स्वभावावर ढकललंत तरी माझी तक्रार नाही. मीसुद्धा बरेच दिवस तेच केलं.

माझा रविवार ठरलेला असायचा. सकाळी उस्मानपुऱ्यातल्या खोलीवरून स्कूटी काढायची, छावणी, मिटमिटा करत दौलताबाद गाठायचं. घाटातल्या जुन्या दरवाज्यात एखादी बस अडकलेली असायचीच. तेवढ्या वेळात पेरू घ्यायचे. पुढे वेरूळच्या अलीकडे एक रस्ता आत जातो, त्याच्या टोकाला डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. 'आमचं' हा शब्द मी तेव्हा नुकताच वापरायला लागले होते.

मी इतिहासात एम.ए. केलं आणि एका लहानशा संस्थेत लागले. गावोगाव फिरून वीरगळी, बारवा, पडकी देवळं, पीरांची ठाणी यांची मापं घ्यायची, फोटो काढायचे, असं ते काम. वडील मी दुसरीत असताना गेले. गावाशी त्यांनी संबंध का तोडले होते, ते आईनं कधी सांगितलं नाही. आई नर्स होती, एकटीनं मला वाढवलं आणि दोन वर्षांपूर्वी तीही गेली. तेव्हापासून शहरात मला ओळखणारी माणसं पुष्कळ होती, पण मी लहान असताना कशी होते हे माहीत असलेलं एकही नव्हतं. ही गोष्ट ऐकायला साधी वाटते. रात्री पडल्या पडल्या आठवली की साधी राहत नाही.

मग कामानिमित्त एकदा या गावातल्या वीरगळी मोजायला गेले. समोरच्या ओसरीवर बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी जवळून गेले तशी मान वर करून म्हणाले, "दत्तूची पोर का गं तू?"

मी जागच्या जागी थांबले. दत्तात्रय हे माझ्या वडिलांचं नाव.

"पाय टाकायची लकब तीच हाय," ते म्हणाले. "बस. पाणी पी."

ते तात्यासाहेब. माझ्या आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ. घरात त्यांची सून सुरेखाकाकू आणि नातू ऋतुराज. काका दिवसभर शेतात असत. ऋतुराज वाळूजला एका कंपनीत पाळीवर जाई. त्या दिवसापासून माझे रविवार तिथले झाले. मी एका मोठ्या कागदावर आमच्या घराण्याची वंशावळ काढायला घेतली. तात्या सांगायचे, मी लिहायची.

एकदा मी विचारलं, "तात्या, यात सगळे पुरुषच आहेत. मुली कुठायत?"

"पोरींचं कायला लिहितीस? पोरी लोकाच्या घरी जात्यात. तिकडं लिवतील त्यांचं त्यांचं."

आतून काकूंचा आवाज आला, "अन् साळूआत्या? ती तर कुणाच्याच घरी गेली नाय. तिला कुठं लिहायचं मग?"

काकू हात पुसत बाहेर आल्या आणि मलाच म्हणाल्या, "यांची बहीण. लगीन ठरलेलं व्हतं तव्हा गेली. तिला नाव नसतं कुठं, राजी. तिला पान असतं. दरसाल."

मला 'राजी' म्हणणाऱ्या त्या एकट्याच. मी कागदावर तात्यांच्या नावाशेजारी एक रिकामा चौकोन काढून ठेवला. तसाच एक वडिलांच्या नावाखालीही काढला होता, आधीच, पेन्सिलीनं. त्यात काय लिहायचं, ते त्यांच्यापैकी कुणीतरी आपणहून सांगावं, अशी माझी इच्छा होती.

२

पितृपक्षात आमच्याकडे पितरं जेवू घालतात, म्हणजे खरोखरचं माणूस बसवतात. ज्याची तिथी असेल त्याच्या नावानं गावातलं एखादं माणूस बोलवायचं, पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, पोटभर जेवू घालायचं. तेवढा वेळ तो माणूस म्हणजे ते पितर. साळूआत्याच्या पानावर कुमारी मुलगी लागते. इतकी वर्षं शेजारच्या मोऱ्यांची मुलगी बसायची, पण उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

"मग आता तूच बस," काकू सहज म्हणाल्या. "बाहेरची पोर बसण्यापरीस घरची बसलेली कव्हाबी बरी."

घरची. मी हो म्हटलं, हे वेगळं सांगायला नको.

"ताई, खीर-वडे फुकट," ऋतुराज म्हणाला. "फक्त जेवताना बोलायचं नाय. तुला जमंल का? मला तर डाऊट हाय."

"गप रे मेल्या," काकू म्हणाल्या.

मी लगेच नियम विचारून घेतले, सवयच ती. काकूंनी सांगितलं ते असं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. काकू आतून साळूच्या नावानं हाक मारतील, तेव्हा 'आले' म्हणायचं आणि आत यायचं. जेवताना बोलायचं नाही, ताटावरून उठायचं नाही. आणि त्या वेळात कुणी पितराला टोकत नाही, काही झालं तरी. जेवण झालं की काकू विडा हातात देतील. तो घेऊन उंबऱ्याबाहेर यायचं. मग काकू पुन्हा हाक मारतील, या वेळी माझ्या नावानं, आणि मी ओ द्यायची.

"माझ्या नावानं कशाला?"

"आगं, मग तू परत तू नको का व्हायला?" काकू हसल्या. मीही हसले.

३

तिथी बुधवारी आली. मी रजा टाकली. गुलमंडीतून मुद्दाम नवी निळी ओढणी घेतली होती, ती घालून गेले.

आमच्या त्या घरात जुनंपुराणं काही नाही. स्लॅबचं घर, पुढं ओसरी, मधली खोली हिरव्या ऑइलपेंटची, कोपऱ्यात पत्र्याची धान्याची कोठी. मधल्या खोलीला खिडकी मात्र नाही. उजेड येतो तो दारातूनच, त्यामुळे दारात कुणी उभं राहिलं की आत संध्याकाळ होते. आगारी म्हणून गोवरीच्या निखाऱ्यावर काकूंनी घास टाकले होते, त्यांचा तुपकट धूर छताशी साचला होता. भिंतीला लागून दोन पाट. एकावर थोरल्या पणजोबांच्या, म्हणजे थोरल्या आबांच्या नावानं गावातले कडुबामामा येऊन बसलेले, म्हातारे, मान खाली. दुसरा पाट माझा.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. बाहेर टळटळीत ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

"साळू, ये गं जेवायला," आतून काकूंचा आवाज आला. नेहमीसारखा नव्हता. मऊ होता.

"आले," मी म्हटलं.

म्हटलं, असं मी म्हणते खरं. पण तो शब्द मी तोंड उघडायच्या किंचित आधी ऐकू आला, असं मला तेव्हा वाटलं होतं. ओसरीत आवाज घुमतो, तसं काहीतरी असेल. मी आत गेले. काकूंनी पाय धुतले. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या.

खीर, वडे, कढी, गिलक्याची भजी. मला गोड आवडत नाही. लहानपणी आई शिरा करायची तेव्हा मी रडायचे. त्या दिवशी मी खीर मागून घ्यावी तशी वाटी पुढं केली आणि पुन्हा केली. भूक अशी होती, की जणू फार दिवसांची शिल्लक राहिलेली. खोलीत फक्त आमच्या दोघांच्या जेवण्याचा आवाज होता. कडुबामामांना दात नाहीत, ते कढी भुरकत होते. आणि माझ्या उजव्या बाजूला, कोठी आणि भिंत यांच्यामधल्या जागेत, आणखी कुणीतरी हळूहळू चावत होतं.

उंदीर असणार. धान्याची कोठी म्हटल्यावर उंदीर आलेच.

नेमका तेव्हा खुंटीला लावलेल्या पर्समधला फोन वाजला. मी इतकी दचकले, की वाटी कलंडली. ऑफिसचा रिंगटोन वेगळा ठेवलाय मी. त्या खोलीत रेंज नीट नसते, आवाज तुटतो, म्हणून मी पर्ससकट फोन घेऊन तशीच उठून अंगणात पळाले. उष्ट्या हातानं. सर म्हणत होते, वीरगळींचे फोटो संध्याकाळपर्यंत हवेत, वरून मागितलेत, लॅपटॉप तुझ्याकडे आहे. मी 'निघते सर' म्हटलं.

मागं वळून बघितलं तर दारात काकू विड्याचं तबक घेऊन उभ्या होत्या. तोंड उघडं, पण शब्द नाही. त्यांना बोलताच येत नव्हतं. विडा घेईपर्यंत मी पितरच होते ना, त्यांच्या हिशेबानं, आणि पितराला टोकत नाहीत.

ऋतुराज स्कूटीपर्यंत मागं आला. "ताई, विडा राहिला. मम्मी हाक मारायची राहिली."

"सर्वपित्रीला येतेय ना रे, तेव्हा घेते. काकूंना सॉरी सांग."

ओसरीवरून तात्यांनी विचारलं, "कोण उठलं?" मी किक मारत होते, त्या आवाजात त्यांचं पुढचं वाक्य अर्धवट आलं. "तीबी अशीच उठली व्हती. जेवता जेवता. कुणी हाक मारली म्हनून."

दौलताबादच्या दरवाज्यापाशी आल्यावर लक्षात आलं, निळी ओढणी पाटावरच राहिली.

४

खरं सांगायचं, तर पहिले काही दिवस मला फरकच कळला नाही. यातच सगळं आलं.

फोटो मी वेळेत पाठवले, सरांचं उत्तर आलं नाही. ते एरवीही देत नाहीत. ऑफिसातल्या हजेरीच्या यंत्रानं अंगठा घेतला नाही. तो सगळ्यांचाच कधी कधी घेत नाही. मी माझ्या टेबलावर बसले, मापं लिहीत राहिले, चहावाला पलीकडच्या टेबलापर्यंत आला आणि वळला. मी हाक मारायला लाजते, म्हणून गप्प बसले.

शेअर रिक्षात बसले, तर ड्रायव्हर माझ्याकडे बोट दाखवून पुढच्याला म्हणाला, "पीछे बैठो भाई, पूरी सीट खाली है." तो माणूस इतका अंगावर येऊन बसला, की मला कडेला लोटल्यासारखं झालं. उतरले तेव्हा पैसे कुणी मागितले नाहीत. पुढं केलेली नोट हातातच राहिली, रिक्षा गेली.

आमच्या खाणावळीच्या मालनबाई बोलक्या. "काय गं, वाळलीस," वगैरे चालू असतं त्यांचं. त्या दिवशी त्यांनी मला सगळ्यांच्या आधी ताट वाढलं. माझ्यासमोर नाही, गॅलरीच्या कठड्यापाशी, जिथं कुणी बसत नाही तिथं. वाढलं आणि पाठ फिरवून आत गेल्या. मी मुकाट्यानं तिथं जाऊन जेवले. वेगळं ताट कुणाला मिळतं, असंही मनात आलं. म्हणजे बघा, मी त्यातही लाड शोधला.

मी चपाती हातात धरली होती. कठड्यावर कावळा येऊन बसला. मी 'हाड' केलं. तो मान वाकडी करून बघत राहिला, मग दोन पावलं पुढं आला आणि माझ्या बोटांमधल्या चपातीचा तुकडा सावकाश तोडून घेऊन गेला. पितृपक्षात घराघरांच्या गच्चीवर लोक तासन् तास कावळ्याची वाट बघत उभे असतात.

त्याच संध्याकाळी खोलीवर कुकरची शिट्टी झाली. मी उडालेच. सोनिया ओट्यापाशीच उभी होती. तिनं आधी सांगितलं नव्हतं.

"सांगायचं ना गं," मी म्हटलं.

तिनं गॅस बारीक केला आणि गाणं गुणगुणत राहिली. कानात इअरफोन असतील. केस मोकळे होते, मला दिसले नाहीत.

५

आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे मोबाईलवर. ऋतुराजनं मला त्यात घेतलं, त्या दिवशी मी नवा कपडा घातल्यासारखी मिरवत होते. त्यावर त्यानं बुधवारचे फोटो टाकले. 'साळूआत्या व थोरल्या आबांचं पान.' खाली हात जोडलेले.

पहिल्या फोटोत आगारीचा धूर. दुसऱ्यात खिरीचं पातेलं. तिसरा अंगणातून काढलेला, अर्धं अंगण आणि दाराची चौकट. आत पाटावर पाठमोरी बसलेली मी, डोक्यावरून निळी ओढणी घेतलेली.

मी डोक्यावरून ओढणी घेतली नव्हती. मला ते आवडत नाही. पण घेतलीही असेल, काकूंनी सांगितलं म्हणून. जेवणाच्या गडबडीत लक्षात राहिलं नसेल. मी फोटो मोठा केला. पाठ माझीच. मान डावीकडे किंचित कलती ठेवून बसते मी, तशीच. तेव्हा वाटलं, उगाच घाबरतेय.

मग फोटोच्या कडेला नजर गेली. अंगणातल्या लिंबाखाली मी नेहमी स्कूटी लावते. बुधवारीही लावली होती. फोटोत लिंबाखाली कोंबड्या होत्या. जमिनीवर स्कूटीच्या चाकाचा माग, फाटकाकडे वळून गेलेला.

म्हणजे मी निघून गेल्यावरचा फोटो.

मी स्वतःला समजावलं. मोऱ्यांची मुलगी माहेरी आली असेल. पान अर्धं राहायला नको, म्हणून काकूंनी तिला बसवलं असेल, ओढणी पडलीच होती, तीच दिली असेल. पण तिचं लग्न झालंय. मग दुसरी कुणी. गावात मुलींची काय कमी आहे?

मी ग्रुपवर लिहिलं, 'कोण बसलंय रे ते?'

एक टिक आली. दुसरी आली नाही. माझ्या संदेशानंतर ऋतुराजनं कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, कुणीतरी फुलांचं चित्र टाकलं. माझा प्रश्न मध्येच राहिला, एकाच टिकवर.

६

सोनिया तिच्या आईशी बोलत होती. मी समोरच्या कॉटवर, पुस्तक उघडं धरून.

"नाही गं, एकटीच आहे सध्या," ती म्हणाली. "राजनंदिनी? ती गावीच राहिलीय ना, काकूकडं. काल फोन आला होता तिचा. खूश आहे खूप. मला म्हणाली, घरच्यांनी सोडलंच नाही."

पुस्तक माझ्या हातातून पडलं. सोनियानं त्या आवाजाकडे बघितलं, उठली आणि पंखा बारीक केला.

मी गॅलरीत जाऊन काकूंना फोन लावला. रिंग गेली. एवढ्या साध्या आवाजानं मला रडू आलं.

"हालो?" काकू. मागं तव्यावर काहीतरी चरचरत होतं.

"काकू, मी राजनंदिनी. काकू, माझा विडा राहिलाय. मी येऊ का? आत्ता येऊ?"

"हालो? कोन बोलतंय? ...आवाजच येत नाय."

"काकू, मी! राजी!"

"हालो, हालो." मग फोन तोंडापासून लांब धरून त्यांनी घरात हाक मारली, सरावाची, दिवसातून पन्नासदा मारतात तशी. "राजी! बघ गं कुनाचा हाय. बोलतच नाय कुनी."

पावलं आली. दत्तूच्या पोरीची, तात्या म्हणाले असते. बांगड्या वाजल्या, मी बांगड्या घालत नाही. कुणीतरी फोन कानाला लावला. श्वास ऐकू येत होता.

"हॅलो?" ती म्हणाली.

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की परका वाटतो. मुलाखती घेऊन घेऊन मला माझा तो परका आवाज पाठ आहे. तोच होता.

"नाय काकू," ती फोन ठेवता ठेवता म्हणाली. "कुणी नाय."

७

सर्वपित्री अमावस्येला मी निघाले. पितृपक्षाचा तो शेवटचा दिवस. त्या दिवशी ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांचं काही राहून गेलंय, त्या सगळ्यांचं होतं. मला फक्त उंबऱ्याबाहेर उभं राहायचं होतं आणि कुणीतरी माझं नाव घ्यायला हवं होतं. एकदाच. मी ओ देणार होते. बाकी मला काही नको होतं, ना वंशावळ, ना फोटो.

खाली स्कूटी नव्हती. सोनियानं नेली असेल, म्हटलं. बसनं गेले. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि माझ्यावरून हात लांब करून मागच्याला तिकीट दिलं. घाटातल्या दरवाज्यात बस नेहमीसारखी अडकली. सीताफळवाल्या बायका खिडक्यांशी आल्या, टोपल्या उंच धरून, एकेका खिडकीशी. माझी खिडकी सोडून.

फाट्यावरून चालत गेले. गावातली कुत्री माझ्यावर भुंकतात, दर रविवारी. त्या दिवशी ती रस्त्यात आडवी पडून होती, मी त्यांच्यामधून गेले. वीरगळींना कुणीतरी शेंदूर लावला होता. ऊन डोक्यावर होतं.

लिंबाखाली माझी स्कूटी उभी होती. पुसलेली, आरशाला हार घातलेला.

घरातून बोलण्याचा आवाज येत होता. ऋतुराज कुणालातरी म्हणत होता, "ताई, एवढी खीर? शुगर होईल." आणि हसणं, दोघा-तिघांचं. काकूंचं, ऋतुराजचं, माझं. मी इतकी मोकळी कधी हसत नाही. पण हसले असते तर असंच हसले असते.

दारातून मधल्या खोलीची हिरवी भिंत दिसत होती. माझा कागद तिच्यावर चिकटवला होता. वडिलांच्या नावाखालचा चौकोन आता पेनानं गिरवलेला होता आणि त्यात 'राजनंदिनी' लिहिलेलं होतं. तात्यांच्या नावाशेजारचा चौकोन तसाच होता. रिकामा.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. तात्या बाजेवर होते. त्यांनी मान वर केली.

"आलीस व्हय?" ते हळूच म्हणाले. "दुसऱ्यांदा आलीस या साली."

त्यांना माझी चाहूल लागली होती. त्या सगळ्या दिवसांत कुणालातरी पहिल्यांदाच. मी त्यांच्या पायाशी बसले, पाय घट्ट धरले.

"तात्या, मी आहे. दत्तूची. माझं नाव घ्या ना, तात्या. एकदाच."

त्यांनी पाय आखडून घेतले नाहीत. पांढरे डोळे माझ्या डोक्यावरून कुठंतरी लावून ते कान देत राहिले, लांबून कुणी बोलतंय आणि वाऱ्यानं अर्धं उडून जातंय, असे.

"दत्तूची?" ते म्हणाले. "दत्तूच्या पोरीचं काय? काय पायजे तुला तिच्यापाशी?" मग जरा थांबून, "आगं, आतच हाय ती. बोलावू का?"

"नाव घ्या, तात्या. माझं नाव."

मी उठून उभी राहिले. मी तयार होते. तोंड आधीच उघडलं होतं.

तात्यांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं हाक मारली, "राजनंदिनी!"

"ओ! आले, तात्या," ती आतून म्हणाली.

माझ्या किंचित आधी.

खोलीतला उजेड गेला. दारात ती येऊन उभी राहिली होती. डोक्यावरून निळी ओढणी इतकी पुढं ओढलेली, की हनुवटीपलीकडे काही दिसेना. हनुवटीवर खिरीचा एक थेंब. हातात ताट होतं.

"कोण हाय गं?" आतून काकूंनी विचारलं.

"कुणी नाय काकू. साळूआत्याचं पान ठेवते बाहेर. ऊन व्हायलं, कावळ्याची वाट कवर बघायची?"

ती खाली वाकली. ताट माझ्यापुढं उंबऱ्याशी ठेवलं, त्याच्याभोवती पाणी फिरवलं, सवयीच्या हातानं, फार वर्षं समोरून बघितलेलं असावं तसं. खीर होती, वडे होते, गिलक्याची भजी. ती वर उठताना माझ्या कानाशी आली. तिचा श्वास गरम होता.

"सावकाश जेव," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दया होती. "अन् मधूनच उठू नको. कुणीबी हाक मारली तरी."